पटवून देणारं लेखन आणि अलंकारांची नावं: तुम्ही हे कसं शिकलात?

शाईफुटी

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण विषय गेले काही महिने डोक्यात घर करून बसलाय.

आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका चालते. ती बंद करून खोली समारंभांना भाड्याने द्यावी, अशी चर्चा समितीत सुरू झाली तेव्हा मी विरोधाचं पत्र लिहिलं. दोन पानी, मन लावून. त्यात ज्ञानाचा नंदादीप होता, सरस्वतीचं मंदिर होतं, 'इतिहास आपल्याला क्षमा करणार नाही' हेही होतं. बैठकीत पत्र वाचून झालं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "बाईंची भाषा फार सुंदर आहे." आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळले.

ते कौतुक मला रात्रभर सलत राहिलं. माझं म्हणणं त्यांना पटलं नाही असंही नव्हतं. त्यांनी ते म्हणणं म्हणून ऐकलंच नव्हतं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेलाय, म्हणजे अजून एक संधी आहे.

म्हणून पटवून देण्याची विद्या मुळापासून शिकायची ठरवली. आधी शाळेतले अलंकार आठवले: उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, व्यतिरेक. उदाहरणं जवळजवळ सगळी कवितेतली. चंद्रासारखं मुख, कमळासारखे डोळे. वाक्य सुंदर कसं होतं ते कळलं, पण त्याने समोरचा माणूस हलतो कसा, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग इंग्रजी याद्या घेतल्या, त्यातली नावं मूळची ग्रीक. ॲनाफोरा (वाक्यांच्या सुरुवातीला तेच शब्द पुन्हा), अँटिथिसिस, लायटोटीज, सिनेकडकी. वहीत डावीकडे नाव, उजवीकडे व्याख्या. साठेक नावं पाठ झाली. पण पत्र लिहायला बसलं की हात जुन्याच वळणाने जायचा.

थांबले ते जोतीराव फुल्यांपाशी. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) ज्या ओळींनी उघडतो त्या आपल्या सगळ्यांना पाठ आहेत:

विद्येविना मति गेली; मतिविना नीति गेली;
नीतिविना गति गेली; गतिविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले;
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या या ओळी मी लहानपणापासून वाचतेय. या वेळी वही घेऊन बसले आणि प्रत्येक शब्द तिथे काय काम करतोय ते लिहून काढलं.

पहिलं, प्रत्येक तुकड्याचा शेवटचा नामशब्द पुढच्या तुकड्याचा पहिला शब्द होतो. मति, मति. नीति, नीति. साखळीची कडी कडीत अडकावी तसं. ऐकणाऱ्याला मध्ये कुठेही उतरता येत नाही. पहिली कडी मान्य केली की शेवटपर्यंत जावंच लागतं. संस्कृत साहित्यशास्त्रात याला 'कारणमाला' म्हणतात: आधीचं जे कार्य, तेच पुढच्याचं कारण. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या ध्यानापासून संग, संगापासून काम, कामापासून क्रोध असं करत बुद्धिनाशापर्यंत जाणारे दोन श्लोक आहेत, त्यांचा साचा हाच. फुल्यांनी तो माणसाच्या मनातून काढून समाजाच्या अर्थकारणात आणून बसवला.

दुसरं, क्रियापदं बघा. गेली, गेली, गेली, गेले. चार वेळा काहीतरी 'जातं'. पाचव्या वेळी 'खचले'. आणि पाचव्या तुकड्यातच पहिल्यांदा माणसं येतात. तोवर मति, नीति, गति, वित्त अशा अमूर्त गोष्टी जात होत्या. आता हाडामांसाचे लोक खचतात, आणि ते खचले म्हणूनच क्रियापद बदलतं.

तिसरं मला सगळ्यात उशिरा दिसलं. शेवटचं क्रियापद 'केले' आहे. तोवर सगळं आपोआप गेल्यासारखं वाटतं, कुणी नेलं असं वाटत नाही. शेवटी कर्ता समोर उभा केला जातो: अविद्येने. 'इतके' आणि 'एका' हे दोन शब्द समोरासमोर. सुरुवात 'विद्या'ने, शेवट 'अविद्या'ने. वर्तुळ पूर्ण.

वीस-पंचवीस शब्द आणि त्यात अख्खा युक्तिवाद. हे दिसलं तेव्हा 'कारणमाला' हे नाव मला पाठ करावं लागलं नाही. ते चिकटलं. म्हणजे माझा क्रमच उलटा होता: मी नावं आधी गोळा केली आणि मग उदाहरणं शोधत राहिले.

तर विचारायचं ते असं. तुम्ही हे कसं शिकलात? शाळेत, कोर्टात, कीर्तनात, घरी? कुठल्या युक्तीचं काम तुम्हाला कुठल्या मजकुरात पहिल्यांदा दिसलं? आणि आपल्याकडे या गोष्टींना मराठी-संस्कृत नावं असताना ग्रीक नावं शिकायची गरज आहे का?

अबोली

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

मी अकरावीत आहे, वक्तृत्व स्पर्धांना जाते. आम्हाला शिकवतात की सुरुवात चारोळीने करा, शेवट घोषणेने करा, मध्ये हातवारे. अलंकार कधी शिकवले नाहीत. एक शंका आहे: व्याकरणात 'सार' अलंकार आहे, चढत्या क्रमाचा. तो आणि कारणमाला एकच का?

शाईफुटी

@अबोली, छान प्रश्न. मलाही हा गोंधळ होता. 'सार'चं पुस्तकातलं उदाहरण आठव: आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला, मग विंचू चावला, मग भूतबाधा. प्रत्येक पायरीवर भर पडत जाते, पण दारू प्याला म्हणून विंचू चावला असं नाही. भर पडत जाते तो सार. एकातून दुसरं निघतं ती कारणमाला.

लिहिताना हा फरक फार कामाचा आहे. नुसती भर घालून आपण कारण दिल्याचा भास निर्माण करतो. माझ्या जुन्या पत्रात तेच झालं होतं. 'वाचन संपेल, संस्कृती संपेल, गाव संपेल.' ऐकायला साखळी, पण एकाही कडीत दुसरी अडकलेली नाही. अभ्यासिका बंद झाली की गाव कसं संपेल, हे मी सांगितलंच नव्हतं.

तालुकावकील

धागा आवडला. मी दिवाणी कोर्टात वकिली करतो, वीस वर्षं झाली. माझं शिक्षण दावे आणि कैफियती लिहून झालं, पण त्याची नावं मला बऱ्याच उशिरा न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनात, सापडली.

त्याच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, युक्तिवादाचे पाच अवयव आहेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नेहमीचं उदाहरण: डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा). कारण तिथे धूर आहे (हेतू). जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण). या डोंगरावर तसाच धूर आहे (उपनय). म्हणून तिथे आग आहे (निगमन).

लोकांना वाटतं पाचवा अवयव पहिल्याचीच पुनरुक्ती आहे. तसं नाही. पहिल्या वेळी तुम्ही ते म्हणता. पाचव्या वेळी ऐकणाराही ते म्हणू शकतो. मधले तीन अवयव त्याला इथून तिथवर आणण्यासाठी असतात. त्यातही 'उदाहरण' पाहा. ते स्वयंपाकघर आहे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या रोजच्या डोळ्यांखालचं. दूरच्या देशातलं किंवा पुराणातलं नाही. आणि 'उपनय' हा अवयव नव्वद टक्के लोक गाळतात. उदाहरण देतात आणि सोडून देतात. ते उदाहरण *या* प्रकरणाला कसं लागू पडतं, हे सांगायचं राहून जातं.

शाईफुटी ताई, तुमच्या पत्रात प्रतिज्ञा पाच वेळा आहे असं दिसतंय. हेतू एकदाही नाही. रागावू नका. शक्य असेल तर एखादा परिच्छेद इथे टाका.

काकडआरती

वकीलसाहेबांचा 'उपनय' वाचून लगेच लिहावंसं वाटलं.

माझे वडील नारदीय कीर्तनकार होते. पूर्वरंगात मूळ पद आणि निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि आख्यान संपताना पुन्हा त्याच मूळ पदावर यायचं. लहानपणी मला आख्यानच आवडायचं, निरूपणात मी पेंगायचे. वडील म्हणायचे, "आख्यान लोकांना आवडतं, पण ते मूळ पदावर परत आलं नाही तर ती नुसती गोष्ट झाली." वकील ज्याला उपनय म्हणतात ते हेच.

आणि हे मराठीत फार जुनं आहे. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'ची रचना बघा. केसोबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत संकलित केले, एकशे चौदा. प्रत्येकात तीन भाग: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सिद्धांत, एका ओळीचा. दृष्टांत म्हणजे गोष्ट, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. दार्ष्टान्तिक म्हणजे ती गोष्ट त्या सूत्राला कशी लागते ते. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टान्तिक केसोबासांनी जोडलेलं. म्हणजे तेराव्या शतकातल्या माणसाला जाणवलं होतं की ही तिसरी पायरी लिहून ठेवायलाच हवी, नाहीतर मागून येणारा नुसती गोष्ट घेऊन जाईल.

आपण 'दृष्टांत' हा शब्द ठेवला आणि 'दार्ष्टान्तिक' विसरलो. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. शाळेत दृष्टांत अलंकार शिकवताना हा शब्द एकदा तरी मुलांच्या कानावर पडायला हवा.

अवांतर: वारकरी कीर्तनात असे दोन रंग नसतात, तिथे अभंगाचा एकेक चरण घेऊन पुढे जातात. पण प्रत्येक दाखल्यानंतर चरणावर परत येणं तिथेही आहेच.

नदीकाठ

मी थोडी वेगळी बाजू मांडते. ग्रीक नावं टाकून देऊ नका.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करते. लसीकरणासाठी आम्ही पत्रकं वाटायचो. त्यात आजारांची नावं, धोके, तारखा सगळं असायचं. एका वस्तीवर कुणी येईना. मग तिथल्या आशाताई अंगणात बसून एवढंच म्हणाल्या, "माझ्या दोन्ही नातवंडांना दिलंय. रात्री ताप आला, सकाळी उतरला." दुसऱ्या दिवशी बायका मुलं घेऊन आल्या.

पत्रकात तर्क होता. ॲरिस्टॉटल ज्याला 'लोगॉस' म्हणतो तो. आशाताईंच्या वाक्यात 'एथॉस' होता, म्हणजे बोलणाऱ्यावरचा विश्वास. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने पटवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याची भावना आणि खुद्द युक्तिवाद. आपल्या अलंकारशास्त्रात भावनेचा विचार रसाच्या अंगाने अफाट झालाय, न्यायदर्शनात तर्काचा झालाय. पण 'हे कोण सांगतंय, आणि त्याचं आपण का ऐकावं' हा प्रश्न पटवण्याचं साधन म्हणून वेगळा काढून ठेवणं मला ॲरिस्टॉटलमुळे जमलं.

आणखी एक लक्षात घ्या. आशाताईंनी ताप आल्याचं लपवलं नाही. लोकांच्या मनात जी भीती होती तिचं नाव त्यांनीच घेतलं. ते लपवलं असतं तर विश्वास तिथेच गेला असता.

दुसरा ग्रीक शब्द मला हवाच आहे: एन्थिमीम. ज्या युक्तिवादात एक दुवा बोलायचा सोडलेला असतो आणि तो ऐकणारा स्वतः भरतो. "माझ्या नातवंडांना दिलंय" यात 'कुठलीही आजी नातवंडांचं वाईट करणार नाही' हे वाक्य नाही. ते प्रत्येकीने आपापल्या मनात म्हटलं. आपण स्वतः जोडलेला दुवा सहसा तोडत नाही. पाचही अवयव दरवेळी उघड सांगायचे नसतात, वकीलसाहेब. कुठला गाळायचा, हीच खरी कला.

तालुकावकील

@नदीकाठ, मान्य. न्यायाधीशांसमोर पाचही ठेवावे लागतात, अंगणात नाही. पण गाळलेला दुवा ऐकणाऱ्याच्या मनात *आधीपासून* असला पाहिजे. तो नसेल तर ती जागा रिकामीच राहते. शाईफुटी ताईंच्या समितीला अभ्यासिकेत कोण बसतं हे माहीत नसेल, तर तो दुवा ते भरणार कशाने?

सांजवात

धाग्यावर एक भीती नोंदवते. हे सगळं शिकवणं म्हणजे लोकांना फसवायची हत्यारं देणं नाही का? व्हॉट्सॲपवर जे खोटं फिरतं त्यात प्रश्नार्थक वाक्यं असतात, पुनरुक्ती असते, उदाहरण तर असतंच. आणि ते पटतं.

तालुकावकील

ही भीती जुनी आहे आणि खरी आहे. म्हणूनच न्यायसूत्रकारांनी चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले. सत्य शोधण्यासाठी तो वाद. जिंकण्यासाठी तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत बसणं ती वितंडा. आपण आज भांडणाला 'वाद' म्हणतो, पण मूळ वर्गीकरणात वाद हा सगळ्यात सज्जन प्रकार होता. 'वितंडवाद' म्हणताना आपण दोन टोकं एकत्र बांधतो.

फसवणुकीलाही नावं दिली आहेत. 'छल' म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ काढून त्याला खोडणं. जुनं उदाहरण 'नवकंबल'. कुणी म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्याकडे नवं कांबळं आहे. समोरचा म्हणतो, "कुठे आहेत नऊ कांबळी? एकच तर दिसतंय!" मराठीतही 'नव'चे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे हे भाषांतराशिवाय कळतं. चर्चांच्या कार्यक्रमात बसलेला माणूस दुसऱ्याचं अर्धं वाक्य उचलून हेच करतो.

माझा अनुभव असा, की उलटतपासणीत छल ओळखता आला तर साक्षीदार वाचतो. नाव माहीत नसेल तर काहीतरी चुकतंय एवढंच वाटत राहतं, बोट ठेवता येत नाही. म्हणून शिकवावं असं माझं मत.

पैलतीर

न्यू जर्सीतून लिहितोय. मुलगी इथल्या हायस्कुलात आहे, तिला इंग्रजीच्या प्रगत अभ्यासक्रमात एखादं भाषण किंवा लेख देऊन लेखकाने काय युक्त्या वापरल्या यावर निबंध लिहायचा असतो. गंमत म्हणजे तिच्या शिक्षिकेचं रोजचं सांगणं शाईफुटींच्या निष्कर्षासारखंच आहे. नुसतं 'इथे ॲनाफोरा आहे' लिहून गुण मिळत नाहीत. लेखकाने ती निवड का केली आणि वाचणाऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो, ते लिहावं लागतं.

तिने मला विचारलं, मराठीत असं वाचायला काय आहे? मी तिला टिळकांच्या अग्रलेखांचे मथळे दिले. १८९७ च्या जुलैतले दोन. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आणि त्यापाठोपाठ 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे'. प्लेगच्या काळातला जाच, रँडचा खून आणि त्यानंतर पुण्यावर आलेली दडपणूक ही पार्श्वभूमी सांगितली. मग तिला म्हटलं, पहिला मथळा प्रश्न का आहे ते सांग.

ती म्हणाली, उत्तर वाचणाराच देतो म्हणून. मी तिला 'काकू' हा शब्द सांगितला: आवाजाच्या ढबीने वाक्याचा अर्थ उलटतो, प्रश्न हाच ठाम विधान होतो. शेवटच्या 'काय'वर सगळा भार आहे. दुसऱ्या मथळ्यात मात्र प्रश्न नाही. तिथे व्याख्या आहे, आणि ती नकाराने केलेली. राज्य करणे म्हणजे काय हे न सांगता, ते काय *नाही* एवढंच सांगितलंय. सरकार सूड घेतंय हा आरोप कुठेच उघड केलेला नाही. नदीकाठ म्हणतात तो गाळलेला दुवा इथेही आहे.

काकडआरती

@पैलतीर, सुंदर. मुलीला ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) द्या. स्त्रियांवर जे दुर्गुण परंपरेने लादले गेले ते ताराबाई एकेक करून हातात घेतात आणि विचारतात, हे पुरुषांत नाहीत का? समोरच्याचीच यादी, समोरच्याच क्रमाने, त्याच्याकडे वळवलेली. रागाने लिहिलंय, पण रचना रागाने विस्कटलेली नाही. १८८२ मध्ये, बुलढाण्यात राहून, एका बाईने हे लिहिलं. मी दरवेळी वाचते तेव्हा अंगावर काटा येतो.

नदीकाठ

रूपकाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. शाळेत रूपक म्हणजे 'मुखकमल'. पण ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेब हिंदू समाजाला मनोरा म्हणतात. प्रत्येक जात म्हणजे एक मजला, आणि या मनोऱ्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्मायचं त्याच मजल्यावर मरायचं.

हे रूपक शोभेचं नाही, ते युक्तिवाद आहे. 'समाजात विषमता आहे' म्हटलं तर कुणीही म्हणेल, विषमता जगात सगळीकडे असते. शिडी नसलेला मनोरा म्हटल्यावर ती पळवाट बंद होते. मजले कुठेही असतात. प्रश्न शिडीचा आहे. एका वस्तूच्या निवडीत प्रतिपक्षाचं उत्तर आधीच दिलं गेलंय.

अवांतर: ज्या रचनेला इंग्रजीत 'क्लायमॅक्स' म्हणतात त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'शिडी' आहे. एक पायरी चढून पुढची. फुल्यांच्या ओळी खाली उतरणारी शिडी आहेत, आणि सदतीस वर्षांनी बाबासाहेब विचारतात की वर चढायची शिडी कुठे आहे. या दोघांना शेजारी ठेवून वाचलं की मला दरवेळी हे जाणवतं.

अबोली

हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, पुढच्या स्पर्धेत चारोळी नको, हे घे.

शाईफुटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहीत होते. आधी जुना परिच्छेद, तालुकावकिलांनी मागितला होता तो:

"वाचनालय हे गावाचे हृदय आहे. ज्ञानाचा हा नंदादीप विझला तर भावी पिढ्या अंधारात चाचपडतील. आपण सरस्वतीच्या मंदिरात व्यापार मांडणार आहोत काय?"

आता तुमच्या प्रतिसादांनंतर यात काय दिसतं ते लिहिते. हृदय, दीप, मंदिर: तीन ओळींत तीन रूपकं, आणि एकही प्रतिपक्षाची पळवाट बंद करत नाही. प्रश्न आहे, पण त्याने समितीचा अपमान होतो. जे लोक संध्याकाळी फुकट वेळ देऊन वाचनालय चालवतात त्यांना मी व्यापारी म्हटलं. मग माझं ते का ऐकतील? तर्कापर्यंत जायच्या आधीच विश्वास गेला होता.

नवं असं लिहिलंय:

"वाचनालयाला पैशांची गरज आहे, हे मला मान्य आहे. छप्पर गळते आणि गेल्या पावसाळ्यात पुस्तकांचे एक कपाट भिजले, ते पुसायला मीही होते. भाड्याने उत्पन्न वाढेल, हेही मान्य.

मी गेल्या सोमवारी संध्याकाळी साडेसातला अभ्यासिकेत जाऊन मोजले. सतरा मुले होती. त्यांपैकी अकरा जणांनी सांगितले की घरी अभ्यासाला वेगळी जागा नाही. जागा नसेल तर संध्याकाळ जाते. संध्याकाळ गेली तर अभ्यास जातो. दहावी-बारावीच्या वर्षी अभ्यास गेला तर वर्ष जाते. शाळेची परीक्षा जवळ आली की आपण घरातला दूरदर्शन संच बंद ठेवतो. त्या अकरा घरांत बंद ठेवायला दुसरी खोलीच नाही. त्यांची ती खोली ही अभ्यासिका आहे.

समारंभ बहुतेक शनिवारी-रविवारी असतात. ते दोन दिवस खोली भाड्याने द्यावी आणि सोमवार ते शुक्रवार अभ्यासिका चालू ठेवावी, अशी विनंती आहे. त्या पाच दिवसांची जबाबदारी घ्यायला आम्ही चार जण तयार आहोत. गावाचे भविष्य आता आपल्या हाती आहे."

तालुकावकील

जमलंय. पहिला परिच्छेद म्हणजे आमच्याकडचं 'वादापुरतं मान्य केलं तरी'. न्यायदर्शनात यासाठी 'अभ्युपगम' हा शब्द आहे: प्रतिपक्षाचं म्हणणं क्षणभर स्वीकारून पुढे जाणं. तुम्ही मात्र ते वादापुरतं नव्हे, खरोखर मान्य केलंय, म्हणून ते जास्त वजनदार आहे.

उदाहरण घरातल्या टीव्हीचं घेतलंत, ते स्वयंपाकघराच्या जातीचं आहे. आणि 'त्यांची ती खोली ही अभ्यासिका आहे' हा तुमचा उपनय. तो लिहिलात हे बरं केलंत. 'दूरदर्शन संच' मात्र बदला. समितीतलं कुणीही घरी तसं म्हणत नाही. सरळ टीव्ही लिहा.

काकडआरती

'जाते, जातो, जाते' यात जोतीराव ऐकू आले. आणि प्रत्येक कडी खरी आहे, त्यामुळे उसनं वाटत नाही.

नदीकाठ

'ते पुसायला मीही होते' हे वाक्य कुठल्याही परिस्थितीत काढू नका. अख्ख्या पत्राचा एथॉस तिथे आहे. एकच सूचना: शेवटचं वाक्य, 'गावाचे भविष्य आता आपल्या हाती आहे', ते जुन्या पत्रातून आलंय.

शाईफुटी

खरंय. ते लिहिताना मला बरं वाटलं होतं, आणि समितीला त्यातून नवीन काहीच कळत नव्हतं. काढलं. टीव्हीही केला. पत्र आता 'आम्ही चार जण तयार आहोत' इथे संपतं, आणि खाली चौघांच्या सह्या आहेत. बैठक गुरुवारी आहे. उद्या सकाळी छापून नेऊन देते आणि पोचपावती घेते.

@अबोली, स्पर्धेचं भाषण लिहून झालं की इथे टाक. सगळे मिळून वाचू.